इस्त्रीवाल्यांचं वर्तुळ

वर्तुळ जुळलं, आणि इस्त्रीवाल्यांचे डोळे भरून आले.

साठीला टेकलेल्या माणसाने एका पायावर तोल सावरत बर्फावर गोल काढायचा आणि जिथून निघाला तिथेच परत यायचं, ही काय थट्टा आहे? आठ महिने लागले होते. आठ महिन्यांत त्यांचं वर्तुळ कधी अंड्यासारखं झालं, कधी भोपळ्यासारखं. आजही ते सगळा वेळ पायांकडेच बघत होते, आणि शेवटच्या हातभर अंतरात तर घाबरून डोळेच मिटले होते. उघडले तेव्हा टाळ्या ऐकू येत होत्या.

इस्त्रीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. रिंकवर दर तासाला घंटा वाजते, स्केटिंग करणारे बाहेर पडतात आणि हे आपली मोठी गाडी घेऊन आत शिरतात. गाडी बर्फाचा वरचा थर खरवडते, मागून पाणी सोडते, आणि ओरखडे, खड्डे, पडापडीच्या खुणा, सगळं सपाट. बावीस वर्षं हेच काम. पोरांनी त्यांना इस्त्रीवाले करून टाकलं. स्वतः मात्र त्यांनी कधी स्केटिंगचे बूट घातले नव्हते. म्हणायचे, ज्याने अंगण झाडायचं त्याने त्यात नाचायचं नसतं.

मग सात वर्षांची नात रिंकवर शिकायला आली. वर्षअखेरच्या कार्यक्रमात आजोबा आपला हात धरून उतरणार, असं तिने वर्गभर सांगून टाकलं. आजोबांना विचारलंसुद्धा नाही. आता उतरायचं तर पहिल्या पायरीची परीक्षा पास हवी, आणि परीक्षक बाई यायच्या वर्षातून एकदा. झालं, आजोबा शिकवणीला बसले. बायकोने बजावलं, हाडं मोडून घेतलीत तर माझ्याकडे येऊ नका. शिकवणारी मुलगी त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची. ती रोज एकच गोष्ट सांगून थकली, की पायांकडे बघू नका, पुढे बघा. हे ‘बरं’ म्हणायचे आणि पायांकडे बघायचे. अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती, कारण ते त्यांनी स्वतःच सपाट केलेलं.

परीक्षेचा नियम साधा होता. बाई वर सज्जात बसून बघणार, मग खाली येऊन बर्फावर उमटलेली रेघ जवळून तपासणार. मार्क रेघेला. संधी एकच.

तर टाळ्या वाजल्या. शिकवणारीने पलीकडच्या टोकाहून वाजवल्या आणि ती बाईंना आणायला वर पळाली. नात कठड्याशी उड्या मारत होती. इस्त्रीवाले बाकावर बसून बूट सोडू लागले. आज स्वारी हवेत होती. तेवढ्यात तासाची घंटा वाजली.

घंटा झाली की गाडीवर चढायचं, हे बावीस वर्षांत अंगवळणी पडलेलं. किल्ली खिशातच होती. नात काहीतरी ओरडत होती. ते त्यांना वाटलं कौतुकाने. बाई खाली आल्या तेव्हा बर्फ आरशासारखा लखलखत होता.

"रेघ कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

इस्त्रीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आठ महिन्यांच्या कष्टांवर त्यांनी स्वतःच्या हाताने बोळा फिरवला होता. नातीने हातमोजे काढून खिशात कोंबले.

"पुसली," ते म्हणाले. "मीच. सवयीने."

शिकवणारी रदबदली करू लागली, की मी डोळ्यांनी पाहिलंय. बाईंनी नियमांची वही काढली. रेघ नाही तर मार्क नाही, त्या म्हणाल्या. मग वही मिटली आणि म्हणाल्या, रेघच नाही तर संधी वापरली असं तरी कसं म्हणू? पाणी गोठलं की पुन्हा काढा.

पाणी गोठेपर्यंत सगळे कठड्याशी उभे राहिले. इस्त्रीवाल्यांनी स्केटिंगचे बूट पुन्हा बांधले. बाईंनी सहज विचारलं, कोपऱ्यावर एवढी मोठी गाडी इतकी सुरेख वळवता, ती चाकाकडे बघून का?

"छे हो. चाकाकडे बघितलं तर गाडी कठड्यात जाईल. जायचं तिकडे बघायचं," ते म्हणाले, आणि एकदम त्यांची नजर स्वतःच्या पायांवर गेली.

त्यांनी खिशातली किल्ली काढून नातीच्या हातात दिली. घंटा वाजली तरी देऊ नकोस म्हणाले. या खेपेला त्यांनी पायांकडे पाहिलंच नाही. अर्ध्या वळणावर नातीची लाल टोपी दिसली, आणि टोपीवर नजर धरून ते निघाले होते तिथेच परत आले.

बाई गुडघ्यांवर बसल्या, रेघेवरून बोट फिरवलं आणि कागदावर पास लिहिलं. नातीने हातमोजे पुन्हा चढवले. इस्त्रीवाल्यांना आनंद झाला, पण मनाला रुखरुख होतीच. कागद घेता घेता ते हळहळले, मघाचंही छान जुळलं होतं हो, उगीच पुसलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"पुसलंत ते बरं केलंत. मघाचं मी वरून पाहिलं होतं, चांगलं वीतभर उघडं राहिलं होतं."