सगळं दिसतंय ना?

“बोलत राहा मावशी. मनात येईल ते मोठ्यानं बोला,” डिझायनर म्हणाला. “आम्ही इथे नाहीच असं समजा.”

असं समजायचं कसं? टेबलापलीकडे तो बसला होता, त्याच्या शेजारी टिपणं घेणारी मुलगी, आणि मावशींच्या इवल्याशा फोनला वायर लावून त्याचा पडदा समोरच्या भिंतीवर भलामोठा करून दाखवला होता. मावशी खरं तर आजारी माणसांच्या घरची कामं देणाऱ्या ॲपच्या ऑफिसात तक्रार करायला आल्या होत्या. ॲपचं नवं रूप आल्यापासून ‘स्वीकारा’ हे बटण गायब झालंय, गेल्या आठवड्यात दोन घरं हातची गेली, एवढं सांगून त्या निघणार होत्या. पण त्यांचा फोन पाहून डिझायनरचा चेहरा खुलला. “बरं झालं आलात. आम्हाला असंच माणूस हवं होतं.” त्यानं स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं. मावशींना बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

बाराला फोन वाजला. पुढच्या महिन्याची ड्यूटी आली होती. तीच, आजोबांची. अंथरुणाला खिळलेल्या त्या म्हाताऱ्याला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, तीन वर्षं सगळं मावशीच करत होत्या. बदली बाई आली की आजोबा ओठ घट्ट मिटून घ्यायचे. मागे चार दिवस मावशी आजारी पडल्या तर चार दिवस ते नुसत्या पाण्यावर राहिले. ड्यूटी दहा मिनिटांत स्वीकारायची, नाहीतर ॲप ती दुसरीला देऊन मोकळं. भिंतीवर मिनिटं उलटी पळायला लागली.

मावशींनी बोटानं पडदा वर ओढला. आजोबांचा पत्ता, तारखा, मग हातात फूल घेतलेल्या हसऱ्या नर्सचं चित्र. चित्रातली बाई कमरेपर्यंत दिसत होती आणि तिथेच फोन संपत होता. पडदा पुढे सरकेना.

“बटण या बाईच्या खाली आहे का हो, दादा?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, खाली आहे.”

“छान. मग आता तुम्ही काय कराल?”

मावशींनी पुन्हा ओढलं. बोट पदराला पुसून ओढलं. दोन बोटांनी ओढलं. फोन बंद करून चालू केला, त्यात तीन मिनिटं गेली. पोरीनं सगळं भराभर लिहून घेतलं.

“दादा, तुम्हीच दाबा ना. ही खरी ड्यूटी आहे. जाईल हो ती.”

“मदत करायची नाही, हा आमच्या कामाचा नियम आहे मावशी. मदत केली की चाचणी फुकट.”

“सर, खरीच आहे ती,” मुलगी हळूच म्हणाली.

“म्हणून तर बघ. खोट्या ड्यूटीसाठी कुणी इतकं जीव तोडून बोट घासत नाही.”

मावशींना दरदरून घाम फुटला होता. फोनवर त्यांचा ओला अंगठा ज्या रेघा उठवत होता, त्या प्रत्येक रेघेला भिंतीवरचा पडदा जरासा थरथरायचा आणि जागच्या जागी परत यायचा. बोलत राहायला सांगितलं होतं म्हणून त्या बोलत होत्या, पण आता नुसतं “अगं बाई, अगं बाई” एवढंच निघत होतं. मग फोन एकदा टिंग करून वाजला. ड्यूटी दुसऱ्या कुणाला तरी गेली होती.

डिझायनरनं फोन हातात घेतला आणि आडवा केला. चित्रातली बाई बारीक झाली आणि तिच्या पायाशी बटण उगवलं. आता ते राखाडी होतं, दाबून उपयोग नव्हता.

“आडवा धरायचा होता,” तो म्हणाला. “कुणालाच सुचत नाही.”

“हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, दादा?” मावशी म्हणाल्या. “त्यांना कोण भरवणार आता?”

तो उत्तर शोधत नव्हता, पुढचा प्रश्न शोधत होता. “एवढा लहान फोन का वापरता तुम्ही?”

“उचलताना आजोबांना छातीशी धरावं लागतं. मोठा फोन ॲप्रनच्या खिशात असला की त्यांच्या फासळीला लागतो.”

“वा. हे वाक्य पहिल्या पानावर घे,” त्यानं मुलीला सांगितलं.

“मग बटण वर घ्यायचं का, सर?”

“शंभरात तिघांचे फोन असे. तिघांसाठी चित्र काढून टाकू?” मघाशी ते दोघं तिथे नव्हते, आता मावशी तिथे नव्हत्या. मग त्याला आठवण झाली. “मावशी, एकच शेवटचं. पुढच्या महिन्यापासून लहान फोनवर हे दिसेल. जरा मोठ्यानं वाचता?”

फोनवर नवा पडदा आला. चित्र नव्हतं, नर्स नव्हती. ठळक अक्षरं, चारी बाजूंनी नीट मोकळी जागा. मावशींनी डोळे पुसले आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

“तुमच्या फोनवर हे ॲप चालणार नाही. कृपया मोठा फोन घ्या.”

“कडेला काही कापलं जात नाही ना? खास तुमच्यासाठी दोन दिवस बसून केलंय मी हे. सगळं दिसतंय ना?”

मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“हो,” त्या म्हणाल्या. “सगळं दिसतंय.”