खेळाचा तास

जालन्याच्या रद्दीतलं फाटकं पुस्तक वाचून मैमूना आपली आपणच प्रोग्राम लिहायला शिकली आणि शाळेच्या नव्या कंप्युटरवर अख्खा निकाल लावून मोकळी झाली. मोकळी कसली, तिथंच अडकली! खूश झालेले हेडमास्तर दर खेळाच्या तासाला तिला मार्क भरायला बसवू लागले. धूळ नको म्हणून चपला बाहेर, पोरं नकोत म्हणून दाराला बाहेरून कडी. पोरी खो-खो खेळायच्या आणि मैदानातली धूळ तेवढी तिच्या चपलांवर बसायची. आज छापलेला निकाल वाचताना हेडमास्तर दचकले. “मैमूना, तू खेळात नापास?” “हजेरी कमी पडली की नापास, हा नियम तुम्हीच सांगितला, सर.” “अगं, पण तू इथं काम करून राह्यली होती ना!” “ते प्रोग्रामला कुठं माहीत?” हेडमास्तरांना पटलं. “बराबर. मंग दुरुस्त करून टाक. ये उद्या, खेळाच्या तासाला.”