दोन जावांमधला दोरा

शिवणकारखान्यात दोन जावा शेजारी शेजारी बसत. तान्हं बाळ धाकटीला रात्रभर झोपू देत नसे, आणि दुपारी मशीनच्या घरघरीत तिचे डोळे आपोआप मिटत. "पुन्हा पेंगलीस तर घरीच बस," असं मुकादमाने बजावलं होतं. म्हणून दोघींनी मनगटांना एकच दोरा बांधला. धाकटीची मान कलली, की थोरलीने हळूच ओढायचं.

आज झोप पाण्यासारखी चढत होती. धाकटी बुडणार तोच हिसका बसे, आणि सुई बोटाच्या अगदी जवळ नाचताना दिसे.

"जाऊबाई, किती वेळा वाचवलंत हो मला!"

थोरली दचकून जागी झाली. तिच्या गालावर कापडाच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. "अगं बाई! मीच केव्हाची घोरतेय. उठवायचं नाही होय गं?"

दोरा दोघींच्या मध्ये सैल पडला होता. धाकटीने घाईघाईने तो कात्रीने कापून टाकला.

थोड्या वेळाने पापण्या पुन्हा जडावल्या. तिच्या मोकळ्या मनगटाला कुणीतरी ओढलं. हिसका नव्हता तो. पाळण्याची दोरी ओढावी तसं, संथ, मायेने, पुन्हा पुन्हा. तिला फार बरं वाटलं. बोटं कापडाबरोबर सुईकडे सरकत राहिली.