उभा

जोतीराम उभाच होता.

प्रोफेसरांनी त्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं. तो उठला, पण उत्तर आलं नाही. प्रश्नच नीट कळला नव्हता, तर उत्तर कुठून येणार? प्रोफेसर फळ्याकडे वळून लिहू लागले. त्यांना वाटलं, पोरगा बसला असेल.

पण वडूजच्या शाळेत असं बसता येत नसे. उत्तर आलं नाही की उभं राहायचं, मास्तर 'बस' म्हणेपर्यंत. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. सांगलीला येऊन जोतीरामला दोन महिने झाले होते. धोतर जाऊन पायजमा आला, तरी ही सवय काही सुटली नव्हती.

शेजारच्या सुकुमारनं वर पाहिलं. हा सांगलीच्याच हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. आजवर तो जोतीरामशी एक शब्द बोललेला नव्हता.

"काय झालं रे? उभा का?" तो कुजबुजला.

जोतीरामनं ओठ घट्ट मिटले.

बेचाळीसचा ऑगस्ट चालू होता. गावोगाव धरपकड चालली होती. पुढारी तुरुंगात होते. ते मिटलेले ओठ पाहून सुकुमारला वाटलं, हा निषेधच. तो हळूच उभा राहिला. मग त्याचा अख्खा बाक उठला. मग मागचा.

प्रोफेसरांनी वळून पाहिलं, तर निम्मा वर्ग उभा. त्यांनी खडू खाली ठेवला आणि ते जाऊन प्रिन्सिपॉलना घेऊन आले.

"पहिला कोण उठला?"

सगळ्यांच्या नजरा जोतीरामकडे वळल्या. गाव सोडताना तात्याबा चुलत्यानं बजावलं होतं, "बाप तुझा सरकारच्या पलटणीत हाय. चळवळीत शिरलास तर तुझं शिक्षान बी जाईल आन् त्याची नोकरी बी."

"का उभा आहेस?" प्रिन्सिपॉलनी विचारलं. मराठीत विचारलं.

"सरांनी इचारलं, मला आलं न्हाई," जोतीराम म्हणाला. "आमच्या शाळंत मास्तर बस म्हनंपतोर बसत न्हाईत. सर बस म्हनालंच न्हाईत."

पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. प्रिन्सिपॉलच्या कपाळावरची आठी मात्र गेली.

"बस, बाळ," ते म्हणाले.

जोतीराम बसला. वाचलो, असं त्याला वाटलं. आपण वाचलो, बाप वाचला.

प्रिन्सिपॉल इतरांकडे वळले. "तुमच्या शाळेतही हीच रीत होती का?"

आता बसायला हरकत नव्हती. सगळंच हसण्यावारी गेलं असतं. सुकुमारचे कान लाल झाले होते, पण तो बसला नाही.

"नाही सर," तो म्हणाला. "जे तुरुंगात आहेत, त्यांच्यासाठी उभे आहोत."

"मग नावं सांगा. मला ती वर कळवावी लागतील." त्यांचा आवाज आता थकल्यासारखा झाला होता. "कॉलेजातून नाव कमी होईल, माहीत आहे ना?"

"सुकुमार शेटे."

त्यानं जोतीरामकडे पाहिलंसुद्धा नाही. तुझ्यामुळे झालं, असंही म्हणाला नाही. पाठोपाठ दुसऱ्यानं नाव सांगितलं. मग तिसऱ्यानं.

बाक करकरला. जोतीराम उठला होता.

"जोतीराम माने. वडूज."

प्रिन्सिपॉलनी चष्मा काढला. "अरे, तुला बस म्हटलं ना मी? तुझा यात काही संबंध नाही."

"व्हय सर. मगाशी मला उभं केलं हुतं," जोतीराम म्हणाला. "आता मी उभा ऱ्हायलोय."