मूळच्या सामानासकट

"काका, गिऱ्हाईक आलं की तुम्ही फक्त आरामखुर्चीत बसा. बोलू नका," मी बजावलं. पाचगणीचा हा दगडी बंगला विकून द्यायचं काम माझं होतं. जाहिरातीत मी लिहिलं होतं, 'सगळं मूळचं, जसंच्या तसं.' मालक बांदिवडेकरकाका मात्र येणाऱ्या प्रत्येकाला घराचे दोष सांगून पळवून लावत. पुण्याला भाच्याकडे राहायला जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

रविवारी एक जोडपं आलं. बाईंना रंगीत काचा आवडल्या, नवऱ्याला शिसवी जिना. मग बाईंनी हळूच खुर्चीकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"तेही मूळचेच," मी म्हणालो.

तेवढ्यात जेवणघराचं दार अडकलं. नवऱ्याने ढकललं, मी लाथ मारली. शेवटी काका उठले, दाराला "चल गं बाई" म्हणाले आणि कडी जराशी उचलली. दार उघडलं.

"घेतो आम्ही," बाई म्हणाल्या. "पण जाहिरातीप्रमाणे सगळं जसंच्या तसं हवं. दार उघडणाऱ्यासकट."

काका परत खुर्चीत टेकले. "मागची खोली गळते हं," ते म्हणाले. "पण मला चालेल."