साक्षीआधीचा प्रश्न

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही उल्हासनगरच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहात. कठडा तुमच्या नाकापर्यंत येतो, म्हणून पट्टेवाल्याने पायाखाली स्टूल दिलं आहे. उंचावर बसलेले न्यायाधीश पुढे वाकून मायेने विचारतात, "बाळ, खोटं बोललं की काय होतं?"

"देव शिक्षा करतो," त्या पिंजऱ्यात खरोखरच उभी असलेली छोटी अस्मिता म्हणाली.

"शाब्बास!" न्यायाधीश हसले. मुलीला खऱ्याखोट्याची समज आहे, साक्ष घ्यायला हरकत नाही, असं त्यांनी टायपिस्टला सांगितलं.

अगदी लहान मुलांना कोर्टात शपथ घ्यायला लावत नाहीत. त्यांना समज आहे का, हे न्यायाधीश आधी एखाददुसरा प्रश्न विचारून पाहतात. प्रश्न हाच असावा, उत्तर हेच यावं, असं कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. पण त्या कोर्टात वर्षानुवर्षं तेच चालत आलं होतं. आरोपी रामभाऊंच्या वकील मालिनीबाईंना ते ठाऊक होतं.

"एवढं वाक्य घोकून ठेव गं," त्यांनी सकाळी सांगितलं होतं. "साहेबांचा प्रश्न फिक्स असतो."

"पण आपल्यात देव कुठे मानतात, बाबा?" अस्मिताने वडिलांना विचारलं होतं.

बुवापाड्यातल्या त्यांच्या घरात देव्हारा नव्हता. दर रविवारी विहारात तिचे वडीलच वस्तीतल्या मुलांकडून पंचशील म्हणून घेत. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं.

वडिलांनी मान वळवली. "कोर्टापुरतं म्हण. साहेबांना उत्तर पटलं नाही, तर ते तुला खाली उतरवतील. मग रामभाऊकाकांचं काय?"

रामभाऊ त्यांच्या शेजारी राहायचे. एका मालकाचा टेम्पो चालवायचे. नाक्यावर त्या टेम्पोखाली सापडून वस्तीतल्या बनूबाई गेल्या, तेव्हा स्टिअरिंगवर मालकाचा मुलगा सनी होता. त्याच्याकडे लायसन नव्हतं. बाप-लेक दोघांनीही कोर्टात शपथेवर सांगितलं, की टेम्पो रामभाऊच चालवत होते. खरं काय ते एकट्या अस्मिताने पाहिलं होतं, नळावरून पाणी आणताना.

आता मालिनीबाई उठल्या. "अस्मिता, त्या दिवशी टेम्पो कोण चालवत होतं?"

हे उत्तर तिला घोकावं लागलं नव्हतं. पण आपण खोटं बोललो, म्हणून आपल्याला इथे उभं राहू दिलंय, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. तिने वडिलांकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"घाबरू नको, बाळ," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, मघाशी मी खोटं बोलले."

सरकारी वकील ताडकन उभे राहिले. "ऐकलंत, साहेब? पढवून आणलीय पोरीला! हिची साक्ष काय घ्यायची?"

मालिनीबाईंनी कपाळाला हात लावला. आरोपीच्या बाकावर रामभाऊंनी डोळे मिटून घेतले. झालं, संपलं, असंच सगळ्यांना वाटलं.

न्यायाधीशांनी हाताने खूण करून वकिलांना खाली बसवलं. "काय खोटं बोललीस?"

"देव शिक्षा करतो, ते. आम्ही देव मानत नाही. पण तसं नाही म्हटलं तर तुम्ही मला बोलूच देणार नाही, म्हणून म्हटलं."

त्याच खुर्चीवरून न्यायाधीशांनी आजवर कितीतरी मुलांना तो प्रश्न विचारला होता, आणि प्रत्येकाला शाब्बास म्हटलं होतं. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"चूक माझी झाली. मग तूच सांग. तुला काय वाटतं, खोटं बोलणाऱ्याला काय होतं?"

हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं. अस्मिताने मागच्या रांगेत पाय हलवत बसलेल्या सनीकडे पाहिलं.

"त्याला काहीच होत नाही, साहेब," ती म्हणाली. मग कठड्यावरून हात लांब करून तिने रामभाऊंकडे बोट दाखवलं. "त्यांना होतं."