नकारघंटा साहेबांचा मुलगा

"बस ना, बाबांच्या जागेवरच बस," म्हणत मुकादमीणबाईंनी पाहुणीला खुर्ची ओढून दिली.

कारखान्याचं कॅन्टीन तेवढं उरलं होतं. तपासणी खात्यातल्या जुन्या बायका वर्षातून एकदा तिथे जमत आणि चहाबरोबर आपली दुखणी जरा वेळ विसरत. यंदा नकारघंटा साहेबांची मुलगी त्यांच्या देशातून मुद्दाम भेटायला आली होती.

युद्धाआधी या कारखान्यात पितळी कड्या आणि बिजागऱ्या व्हायच्या. मग परदेशी सैन्याचं कंत्राट आलं आणि रायफलची काडतुसं बनू लागली. माल पारखून घ्यायला त्या सैन्याने आपला माणूस इथे ठेवला, तेच हे साहेब. पितळेवर पुसटसा ओरखडा दिसला तरी काडतूस बादच्या पेटीत. नकारघंटा हे नाव बायकांनी पहिल्याच आठवड्यात ठेवलं.

"आम्हाला वाटायचं, घरी भांडून येतात आणि राग आमच्यावर काढतात," त्यांच्यातली ठेंगणी म्हणाली. थट्टेची खोड तिची अजून गेली नव्हती. पाहुणी हसली.

"शेवटी मीच चिडून विचारलं," मुकादमीणबाई सांगू लागल्या, "एवढं कसलं खुसपट काढता, साहेब? तर खाली मान घालून म्हणाले, माझा मुलगा आघाडीवर आहे."

त्या दिवसापासून खात्याचा नूरच पालटला. ऐन वेळी काडतूस दगा देईल आणि पोरगा हकनाक जाईल, या विचाराने बायकांच्या जिवाला घोर लागला. गप्पा बंद झाल्या. एकेक नग बोटांत फिरवून, डोळ्यांत तेल घालून तपासला जाऊ लागला. कामात एवढा जीव त्यांनी पुन्हा कधी ओतला नाही. हळूहळू बादची पेटी रिकामी राहू लागली. एका संध्याकाळी साहेब त्या पेटीपाशी कितीतरी वेळ उभे होते. त्यांचे डोळे भरून आलेले पाहून बायकांनाही रडू आवरलं नाही.

"पोरासाठी मफलर विणला होता आम्ही," ठेंगणी म्हणाली. "काडतुसांच्या खोक्यातच घालणार होतो. साहेब म्हणाले, यातून नको, मी वेगळा पाठवतो. नियमाचे भारी पक्के."

"मिळाला होता दादाला," पाहुणी म्हणाली. "आवडला होता त्याला."

मुकादमीणबाईंना भरून आलं. युद्ध संपलं तसं साहेबांना तडकाफडकी परत बोलावलं होतं. मुलाचं पुढे काय झालं, हे विचारायचं राहूनच गेलं आणि ती रुखरुख इतकी वर्षं त्यांच्या मनात होती.

"दादा सुखरूप परत आला ना गं?"

पाहुणीने कप खाली ठेवला. "नाही, मावशी."



"आमचं काडतूस उडालं नाही का वेळेवर?" मुकादमीणबाईंनी विचारलं. "खरं काय ते सांग."

"नाही हो. बाबा म्हणायचे, इतका चोख माल त्यांनी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही." पाहुणीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "आई-बाबा वेगळे झाले, तेव्हा दादा आईबरोबर तिच्या देशात गेला. तो समोरच्या सैन्यात होता."